ठेवायचा अंक

मी एक जुना कॉमिकचा अंक आहे. माझ्या पाठीला भेग पडली आहे, मुखपृष्ठाचा एक कोपरा मुडपला आहे आणि आतल्या एका पानावर ओघळाचे डाग आहेत. मित्रांनो, हे मी रडगाणे म्हणून सांगत नाही. या खुणांचा मला अभिमान आहे. त्याआधी कित्येक वर्षे मी कोरा करकरीत होतो. माझ्या पानांना कोणाचे बोटसुद्धा लागलेले नव्हते, आणि ती वर्षे मी कशी काढली ते माझे मला ठाऊक.

माझा जन्म एका मोठ्या छापखान्यात झाला. कागदाच्या थोरल्या रिळांवर रंग चढत, मग पानांच्या घड्या पडत. पानांच्या अशा एका जुडीला तिथे फर्मा म्हणतात. साध्या कॉमिकला मधोमध दोन टाचण्या मारल्या की काम होते. आम्ही मात्र खास अंक होतो, जाडजूड. पहिला फर्मा सुरुवातीचा, दुसरा मारामारीचा, तिसरा शेवटाचा. ते एकावर एक रचून आमच्या पाठीला गरम डिंक लावत. माझी पाळी आली तेव्हा यंत्र मध्येच अडखळले. कोणीतरी शिवी हासडली, कोणीतरी लोखंडी झाकणावर थाप मारली आणि यंत्र पुन्हा धडधडू लागले. माझ्या पाठीवर डिंक वाळला आणि मला वाटले, चला, मी पुरा झालो.

आम्ही खास का, तेही सांगतो. दोन कॉमिक कंपन्यांचे वर्षानुवर्षांचे हाडवैर होते. एकीचा हिरो दीपस्तंभ. धिप्पाड, अबोल, छातीत मोठा दिवा असलेला. तो कधी धावत नाही, उडत नाही, एका जागी पाय रोवून उभा राहतो आणि त्याच्या उजेडात लोकांचे जीव वाचतात. दुसरीची ठिणगी. खाणीच्या गावातली तापट पोरगी, हात चोळले की जाळ काढणारी. हे दोघे समोरासमोर आले तर कोण जिंकेल, यावर देशभरातली मुले शाळेच्या मैदानात हमरीतुमरीवर येत आणि मोठी झाली तरी थांबत नसत. अखेर दोन्ही कंपन्यांनी हात मिळवले आणि दोघांना एकाच अंकात आणले. तो अंक म्हणजे आम्ही.

मी मोठ्या सरोवराच्या काठच्या डुलुथ गावात, ऑरिनच्या कॉमिकच्या दुकानात पोचलो. ऑरिन लालबुंद गालांचा, मोठ्या पोटाचा माणूस. दारावर त्याने पाटी लावली होती, ‘शेवट सांगणाऱ्याला बर्फात फेकण्यात येईल.’ बाहेर सरोवरावरून बोचरा वारा येत होता, तरी रांग कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत गेली होती. काहींना घरी जाईपर्यंत दम निघेना. ते दुकानातच उभ्याने वाचू लागले. एक जण खदाखदा हसला. एकीने, ‘हे काय लिहिलंय मेल्यांनी!’ म्हणून अंक मिटला आणि लगेच पुन्हा उघडला. माझ्या पोटात नेमके काय छापले आहे ते मला दिसत नव्हते. अंकाला आपली पाने आपल्याला वाचता येत नाहीत. वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच आम्हाला आपली गोष्ट कळते.

मला विकत घेतले ते रेनो आणि लेम्पी या कंगास भावंडांनी. पोरसवदा वय केव्हाच मागे पडले होते. रेनो लोहखनिज वाहणाऱ्या जहाजावर काम करी. लेम्पी बेकरीत वेलदोडा घातलेला, वेणीसारखा गुंफलेला पाव भाजत असे. रेनो जन्माचा दीपस्तंभवाला, लेम्पी हाडाची ठिणगीवाली.

‘दोन देऊ ना?’ ऑरिनने विचारले. ‘एक वाचायचा, एक ठेवायचा.’

त्या लोकांची ही रीतच आहे. आवडीचा अंक जोडीने घ्यायचा. एक वाचून वाचून फाडायचा आणि दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत, पाठीला पुठ्ठा लावून, न उघडता जपून ठेवायचा. वरचा अंक लेम्पीने उचलला, तो वाचायचा ठरला. खालचा मी. माझे नशीब एवढ्यावर ठरले.

‘शेवट लय भारी आहे,’ ऑरिन पिशवी देताना म्हणाला.

‘तोंड उघडलंस तर तुझ्याच पाटीखाली तुला पुरीन,’ लेम्पी म्हणाली.

‘आणि ही घरी जाऊन एकटीच वाचेल, बघ,’ रेनो म्हणाला. ‘हिला कुठला दम निघतोय.’

‘मी? लहानपणापासून एकदा तरी तुझ्याआधी पान उलटलंय का मी?’

ते मात्र खरे होते. दोघांचा एक करार होता. नवा अंक दोघांनी मिळूनच वाचायचा, एकट्याने नाही. पान संपले की एकाने विचारायचे, ‘झालं?’ आणि दुसरा ‘झालं’ म्हणेपर्यंत पान उलटायचे नाही. बाप अंक आणायचा तेव्हा घरात एकच अंक यायचा, तेव्हापासूनची ही सवय.

शनिवारी दोघे सरोवराच्या काठी बापाने बांधलेल्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, आले. ते लोक मूळचे फिनलंडचे, सॉनाशिवाय त्यांचा शनिवार जात नाही. आतल्या खोलीत दगड तापायचे आणि त्या भट्टीचे दार बाहेरच्या खोलीत होते. तिथल्या बाकावर बसून, पाय शेकत, त्यांनी माझे जुळे भावंड उघडले. मी पिशवीतून भिंतीला टेकून बघत होतो. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो पहिला आनंद होता आणि बराच काळ तोच शेवटचा.

‘झालं?’ लेम्पीने विचारले.

‘थांब.’

‘कॉमिक वाचतोयस की बायबल?’

‘तू वाचत नाहीस, गिळतेस. आकाश बघ, किती मनापासून काढलंय.’

‘आकाश कोण बघतं! अरे, तुझा दीपस्तंभ इतका बडबडायला कधी लागला? अख्खा फुगा भरून बोलतोय.’

‘दुसऱ्या कंपनीचा लेखक आहे ना,’ रेनो दुःखाने म्हणाला. ‘आपला माणूसच वाटत नाही. आणि तुझ्या ठिणगीला कोपर काढायचं विसरलेत.’

‘कुठे? अय्या, खरंच की!’

दोघे पोट धरून हसले. गोष्टीत कोळिष्टक नावाचा खलनायक होता. तो खोट्याची जाळी विणायचा. त्याने दीपस्तंभाला सांगितले की ठिणगीने गाव जाळले, आणि ठिणगीला सांगितले की दीपस्तंभाने जहाजे मुद्दाम खडकावर नेली. झाली मारामारी सुरू.

‘आधी भांडणार आणि मग गळ्यात गळे घालणार,’ रेनो म्हणाला. ‘दोन हिरो भेटले की दर वेळी हेच.’

‘मग भांडू दे की मनसोक्त. त्यासाठीच तर थंडीत कुडकुडत उभे राहिलो.’

आणि मग ते पान आले. रेनो एकदम ताठ झाला. ठिणगीने आपला सगळा जाळ एकवटून दीपस्तंभाच्या छातीवर फेकला होता आणि त्याचा दिवा विझला होता. दीपस्तंभाने साधा हातही वर केला नव्हता.

‘असं होऊच शकत नाही,’ रेनो म्हणाला. ‘तो दिवा तिला विझवताच येणार नाही.’

‘विझवला की! बघ, अख्ख्या पानावर काळोख आहे. मी जिंकले! इतकी वर्षं सांगत होते मी तुला.’

‘त्याने हात का नाही उचलला? लेखकाला काही कळत नाही.’

‘लेखकाला बरोबर कळलंय. तुझ्या दीपस्तंभाला तेवढंच येतं, उभं राहायला.’ लेम्पी जिंकण्याच्या भरात होती. ‘अगदी तुझ्यासारखा. समोर माणूस बुडाला तरी दिवा धरून काठावर उभा.’

बोलून गेली आणि तिचा हात तोंडावर गेला.

त्यांचा बाप कोळी होता. एका नोव्हेंबरातल्या वादळात त्याच्या होडीचे इंजिन घराच्या समोरच, डोळ्यांना दिसेल एवढ्या अंतरावर बंद पडले. रेनो तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. तो खडकावर कंदील धरून उभा राहिला. त्या पाण्यात उतरला असता तर थंडीने काही क्षणांत गेला असता, हे गावातले शेंबडे पोरही सांगेल. तो उभा राहिला, होडी दिसेनाशी झाली तरी उभा राहिला, सकाळी माणसांनी त्याच्या हातातून कंदील सोडवून घेतला. त्या गोष्टीबद्दल घरात कोणी कधी चकार शब्द काढला नव्हता. लेम्पीने त्या दिवशी काढला, तोही एका कॉमिकवरून.

 रेनो उठला, त्याने भट्टीचे दार उघडले आणि माझे भावंड आत टाकले. रंगीत कागद आधी हिरवा जळतो, मग पिवळा. मी लांब भिंतीपाशी होतो म्हणून मला धग लागली नाही. त्यांनी शेवट अजून वाचलाच नव्हता.

‘रेनो, मला तसं म्हणायचं नव्हतं.’

‘दुसरा आहे ना तुझ्याकडे,’ तो बूट घालत म्हणाला. ‘वाच आता तू तुझा शेवट. एकटीच वाच.’

दार उघडे टाकून तो गेला. लेम्पी खूप वेळ भट्टीसमोर बसून राहिली. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अगं, मला घे, त्याच्यामागे धाव, शेवट माझ्या पोटात आहे! त्यात ते दोघे हात मिळवतात, प्रत्येक अशा अंकात मिळवतात, जा आणि त्याला दाखव! पण अंकाचे ओरडणे कोणाला ऐकू जाणार? तिने मला उचलले, उघडले मात्र नाही.

दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन ऑरिनकडे गेली. त्याच्याकडे प्लास्टिक वितळवून चिकटवायची इस्त्रीसारखी एक तापती पट्टी होती.

‘हा चारही बाजूंनी बंद करून दे,’ ती म्हणाली.

‘आधी शेवट तर वाच.’

‘दोघांनी मिळून वाचायचं ठरलंय.’

‘तो बोलतोय का तुझ्याशी?’

‘नाही.’

‘मग?’

‘मग बंद कर, ऑरिन. मी उघडला नाही हे त्याला कधीतरी कळायला पाहिजे. याच्यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही.’

ऑरिनने उसासा टाकला आणि ती पट्टी तापवली. एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. शेवटची फट मिटताना आत थोडी गरम हवा अडकली. त्यानंतर माझ्यापर्यंत ताजा वारा आला नाही.

मित्रांनो, आता माझे कौतुक ऐका. लेम्पीच्या स्वयंपाकघरात, कपाटावर मला उभे केले होते. येणारेजाणारे म्हणत, ‘काय सुरेख ठेवलाय! काल छापल्यासारखा.’ एक पाहुणा तर माझ्यासाठी गाडी द्यायला तयार होता. लेम्पी दर शनिवारी माझ्यावरची धूळ पुसायची. माझ्या मुखपृष्ठावर दीपस्तंभ आणि ठिणगी एकमेकांकडे रागाने बघत उभे होते, आणि ती पुसता पुसता त्यांच्याकडे बघत बसायची. तिला शेवट वाचायची किती तहान होती ते तिच्या अंगठ्यावरून मला कळे. तो पिशवीच्या चिकटवलेल्या काठावरून पुढेमागे फिरायचा. तिने एकदाही नख लावले नाही.

ऑरिन मधूनमधून कॉफीला यायचा. त्याच्याकडून बातमी कळायची.

‘त्याला मी एक अंक देऊ केला होता. वाच बाबा, म्हटलं, आणि सुटा एकदाचे दोघं. नको म्हणाला. म्हणाला, दोघांनी मिळून वाचायचं ठरलंय.’

‘असं म्हणाला?’ लेम्पी किटली हातात धरून तशीच उभी राहिली.

‘हो. आणि म्हणाला, पण तिने तर कधीच वाचला असणार. मी म्हटलं, मी स्वतः पिशवी बंद केलीय. तर म्हणतो, तू तिचीच बाजू घेणार.’

ती एकदा बंदरावर गेली, मला छातीशी धरून. रेनोचे जहाज लागले होते. तो फळीवरून उतरला, तिला बघितले आणि परत वर चढला. पुन्हा तिने बंदरावर पाऊल टाकले नाही. हट्टी माणसे होती, मित्रांनो, दोघेही एकाच कणकेची. आणि मी कपाटावर उभा राहून हिवाळ्यांमागून हिवाळे बघत होतो. माझी पाने आतल्या आत एकमेकांना चिकटतील की काय, असे मला वाटे. कोणीही उघडा मला, असे मी रोज म्हणायचो. चुकून उघडा, चोरून उघडा, खाली पाडा आणि फुटू दे ही पिशवी. ज्याच्यात समेट छापलेला आहे त्यालाच कोंडून ठेवले आहे, या विचाराने मला वेड लागायची पाळी आली होती.

लेम्पीचे केस पिकले. मग एका उन्हाळ्यात ऑरिन धापा टाकत आला. तो आता काठी टेकत चालायचा.

‘रेनो टेकडीवरच्या शुश्रूषागृहात आहे,’ तो म्हणाला. ‘साखरेने दोन्ही डोळे नेले होते, आता बाकीचंही नेतेय. डॉक्टर म्हणतात, भेटायचं असेल त्यांनी भेटून घ्यावं.’

लेम्पीने हातही पुसले नाहीत. पिठाच्या हातांनी तिने मला उचलले आणि निघाली.

दुपारचे ऊन खिडकीतून पलंगावर पडले होते. रेनोचा नुसता सांगाडा राहिला होता. पावलांच्या आवाजावरून त्याने ओळखले.

‘आलीस?’ तो म्हणाला. ‘शेवट सांगायला?’

‘वाचलाच नाही.’

‘लेम्पी, मरणाऱ्या माणसाशी तरी खोटं बोलू नये.’

तिने मला त्याच्या हातात दिले. त्याची बोटे माझ्या पिशवीच्या काठावरून हळूहळू फिरू लागली. वरची बाजू, उजवी, खालची, डावी. वितळवून चिकटवलेला काठ बोटाला खडबडीत लागतो. तो दुसऱ्यांदा सगळीकडून फिरला. मग त्याने औषध ठेवायला आलेल्या परिचारिकेला हाक मारली.

‘बाई, जरा बघता का? कुठे फाटलंय? कुठे परत चिकटवलंय?’

तिने मला उजेडात धरून बघितले. ‘नाही हो. चारही बाजूंनी पक्का आहे. प्लास्टिक पिवळं पडलंय नुसतं.’

रेनोने मान लेम्पीच्या आवाजाकडे वळवली. ‘वेडी आहेस का तू?’ तो म्हणाला. ‘इतकी वर्षं?’

‘ठरलं होतं ना आपलं.’

‘मला वाटलं होतं, त्याच दिवशी वाचून मोकळी झाली असशील.’

‘ते माहितीय मला. आता उघडू का? मी वाचते, चित्रं पण सांगते. तू झालं म्हणेपर्यंत पान उलटणार नाही.’

‘उघड,’ तो म्हणाला. ‘लवकर उघड.’

तिने दाताने काठ फाडला. वारा आत आला. माझी पाठ करकरली, पहिले पान उघडले आणि आयुष्यात प्रथमच मला माणसाच्या बोटांची ऊब लागली. मित्रांनो, तो स्पर्श मी विसरणार नाही. पिठाचे ठसे उमटत होते आणि मी मनात म्हणत होतो, उमटू देत, अजून उमटू देत.

ती वाचू लागली. प्रत्येक चित्र सांगत होती. ‘आकाश मनापासून काढलंय,’ हेही सांगितले. कोपर नसलेल्या हातापाशी रेनो हसला आणि त्याला ढास लागली. झालं? थांब. झालं? झालं. पाने उलटत गेली. मारामारी आली. दिवा विझल्याचे पान आले तेव्हा तिने तेही वाचले, काही न गाळता. त्याने तिचा हात चाचपडून धरला. ‘झालं,’ तो म्हणाला. ‘आता शेवट. उलट.’

तिने पान उलटले.

पुढे मारामारीच होती. तीच, पहिल्यापासून. कोळिष्टक तेच खोटे सांगत होता, ठिणगी तोच जाळ काढत होती. तिने घाईने पुढचे पान बघितले, त्याच्या पुढचे बघितले. अगदी माझ्या मलपृष्ठापर्यंत तीच मारामारी होती आणि अगदी शेवटच्या पानावर दिवा दुसऱ्यांदा विझत होता. छापखान्यात यंत्र अडखळले त्या क्षणी माझ्या पाठीला शेवटाचा फर्मा लागलाच नव्हता. मारामारीचाच दोनदा लागला होता. ज्या शेवटासाठी मी इतकी वर्षे ओरडत होतो तो माझ्यात नव्हताच. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. जळायचे ते मी जळायला हवे होते, माझ्या भावंडाने जगायला हवे होते.

‘काय झालं?’ रेनोने विचारले. ‘वाच ना.’

लेम्पीच्या डोळ्यांतून पाणी गळून माझ्या पानावर पडले. तिने त्या काळ्या पानाकडे बघितले. मग तोंड पुसले.

‘पहिलं चित्र,’ ती म्हणाली. ‘सगळा काळोख. लांब पाण्यात ठिणगी आहे. कोळिष्टकाने तिला फसवून आत नेलंय. लाटा आहेत. तिला किनारा दिसत नाहीये.’

‘बरं.’

‘दुसरं चित्र. ती ओरडून म्हणते, मी तुझा दिवा विझवला. नको ते बोलले. माझं चुकलं.’

‘ठिणगी असं म्हणते? आपली ठिणगी?’

‘असं लिहिलंय. मधे बोलू नकोस. तिसऱ्या चित्रात काठ दिसतो. दीपस्तंभ तिथेच आहे. दिवा नाही, तरी तिथेच उभा आहे. सगळे म्हणतात, जा घरी. तो जात नाही. मग ती तिच्याकडची शेवटची ठिणगी त्याच्याकडे फेकते आणि त्याचा दिवा पेटतो.’

रेनोने श्वास ओढून घेतला. ‘तो पाण्यात उतरतो का?’ त्याने विचारले.

लेम्पीने त्याचा हात घट्ट धरला.

‘नाही. उतरला असता तर दोघंही गेले असते. तो दिवा धरून उभा राहतो. आणि पाण्यातून आवाज येतो, उजेड दिसतोय रे. हलू नकोस. तो दिसतोय तोवर मी इथे एकटा नाही.’

तिच्या तोंडून एकटी नव्हे, एकटा निघाले होते. दुरुस्त तिने केले नाही आणि त्यानेही केले नाही.

‘बाहेर येतो का?’ त्याने अगदी हळू विचारले.

‘ते चित्रात दाखवलेलं नाही. शेवटच्या चित्रात नुसता उजेड आहे, पाण्यावर लांबवर गेलेला.’

 खिडकीतून दूर सरोवराचा निळा पट्टा दिसत होता.

‘लेम्पी,’ रेनो म्हणाला, ‘एवढा मोठा शेवट एकाच पानावर मावला? पान उलटल्याचा आवाज एकदाही आला नाही.’

ती हुंदके देऊ लागली. ‘यात शेवटच नाहीये, रेनो. मारामारीच दोनदा बांधलीय. तेवढीच आहे यात.’

रेनोने तोंड उघडले आणि तो हसू लागला. आवाज फुटत नव्हता, पण खांदे हलत होते. ‘म्हणजे इतकी वर्षं तू कपाटावर मारामारीच जपून ठेवलीस? चारही बाजूंनी चिकटवून?’

‘हसू नकोस रे.’

‘मघाचं कोणी लिहिलं मग?’

‘मीच.’

‘कंपनीच्या लेखकापेक्षा बरं आहे,’ तो म्हणाला. ‘त्यांना दीपस्तंभ कधी कळलाच नव्हता. परत वाच. सावकाश वाच, मला बघू दे.’

तिने पुन्हा वाचले. काळोख, लाटा, काठ, दिवा. पाण्यावरचा लांब उजेड.

‘झालं?’ तिने विचारले.

‘थांब,’ रेनो म्हणाला.

ती थांबली. ऊन पलंगावरून जमिनीवर सरकले. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारले, ‘झालं?’ त्याने उत्तर दिले नाही. परिचारिका येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवीपर्यंत ती ते पान तसेच उघडे धरून बसली होती.

नंतर ऑरिन तिच्याकडे चांगला, पुरा अंक घेऊन आला होता. ‘खरा शेवट यात आहे, आता तरी वाच,’ म्हणाला. लेम्पीने त्याला कॉफी दिली आणि तो अंक परत केला. ‘तो दुसऱ्यांचा आहे,’ ती म्हणाली. ‘आमचा आम्ही वाचला.’

आता मी ऑरिनच्या दुकानात, खिडकीपाशी, एका दोरीला टांगलेला असतो. शनिवारी लेम्पी तिथे बसते. कोणीही मला काढून वाचावे अशी तिची ताकीद आहे. मुले वाचतात, मारामारीनंतर पुन्हा मारामारी आली की ओरडतात, ‘आजी, हा फसवा अंक आहे!’ मग ती त्यांना जवळ बोलावते आणि शेवट सांगते. दर वेळी तोच, एक शब्द इकडचा तिकडे न करता. सांगताना तिचा अंगठा माझ्या डागांवर असतो.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी असेल. पुस्तक असेल, भांडे असेल, कोणाला तरी सांगायचा राहिलेला एखादा शब्द असेल, जपायचा म्हणून बंद करून ठेवलेला. आम्हाला कृपा करून उघडा. आत काय चुकले आहे ते वेळेवर कळले तर माणसाला निदान काही करता येते. माझ्यावर डाग पडले, पाठ मोडली, तरी चालेल. फक्त एकट्याने घाई करू नका. शेजारी बसलेला कोणी ‘थांब’ म्हणाला, तर त्याच्यासाठी थांबा.